सुपारीच्या दिवशी भरलेली उसण

माणसाला कंबर असते, ही गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळली. तोवर मी तिचा उपयोग फक्त पदर खोचायला करत होते.

आमचं घर धाराशिवात आणि माझी शाळा येडशीला. इतकी वर्षं काळीपिवळी जीपच्या मागच्या बाकावर आदळत-आपटत गेले-आले, पण कंबरेनं कधी चकार शब्द काढला नाही. तिला वाचा फोडली ज्वारीच्या पोत्यानं! माझ्या दिरानं जळकोटच्या शेतातून पोतं पाठवलं आणि गाडीवाला ते दारातच टाकून गेला. मी ह्यांना म्हटलं, "अहो, पोतं आत घ्या." हे म्हणाले, "घेतो की." (आमच्या ह्यांचं 'घेतो की' पुढच्या सुगीपर्यंत टिकतं.) शेवटी मीच पदर खोचला, पोत्याचे दोन्ही कान धरले आणि जोर लावून ओढलं. पोतं उंबऱ्याच्या आत आलं. कंबर बाहेरच राहिली!

"अहो, कट्ट वाजलं!" मी ओरडले.

"पोतं फाटलं का?" आतून आवाज आला.

मोठ्या डॉक्टरांनी दाबून-वाकवून बघितलं, हाड शाबूत आहे म्हणाले आणि मला व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. ती आमच्या मुक्ताच्या वयाची पोरगी. माझ्या सोबतीला सासूबाई आल्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांना कमी ऐकू येतं, आणि जे ऐकू येतं ते त्यांचं त्यांनीच ठरवलेलं असतं.

"काकू, तुमचे नितंबांचे स्नायू झोपलेत. त्यांना जागं करायचंय," डॉक्टर म्हणाली.

"काय झोपलंय म्हणली?" आत्याबाईंनी विचारलं.

"काही न्हाय, आत्या."

"आजी, नितंब! नितंब झोपलेत काकूंचे!" त्या गुणी मुलीनं दवाखाना दणाणून सोडला. बाहेरच्या बाकावर माझ्या दोन विद्यार्थ्यांचे वडील बसले होते. त्यांनी अदबीनं माना खाली घातल्या.

मग तिनं व्यायाम शिकवले. उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, तळवे जमिनीला टेकवून कंबर वर उचलायची. हा पूल. मग एकेक गुडघा छातीशी ओढायचा. मग हात-गुडघे टेकून चार पायांवर यायचं, पाठ वर फुगवायची, मग खाली सोडायची. हे मांजर. आणि शेवटी, तसंच चार पायांवर असताना उजवा हात पुढं आणि डावा पाय मागं सरळ ताणायचा.

"आणि हे कोणतं जनावर?" मी विचारलं.

"हा पक्षी आणि कुत्रा, काकू."

"एकाच वेळी?"

"हो. पण हळू करायचं हं! घाई अजिबात नको. दुखलं की थांबायचं."

'हळू' हा शब्द मी आयुष्यात फक्त ह्यांच्या बाबतीत वापरला आहे. तरी मान डोलावली आणि घरी आले.

याच सुमारास मुक्ताला ईट गावचं स्थळ आलं. मुक्ता आमची एकुलती एक. तिचं आधीचं एक स्थळ ऐन सुपारीच्या दिवशी, म्हणजे लग्न पक्कं करायच्या दिवशी, जेवून, हात धुऊन परत गेलं होतं. कारण काय? तर ह्यांनी पान आधी व्याह्यांना न देता त्यांच्या धाकट्या भावाला दिलं! त्यानंतर मुक्तानं घरात लग्नाचा विषय काढू दिला नव्हता. आता मात्र हा अभिजित बघून गेल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, "मला चालेल." अगदी खालच्या आवाजात म्हणाली, आणि म्हणताना तिचा चेहरा असा काही उजळला की मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. त्याच दिवशी ठरवलं, आभाळ कोसळलं तरी बेहत्तर, पण ही सुपारी फुटली पाहिजे!

अडचण होती ती होणाऱ्या विहीणबाईंची. (आमच्याकडं 'ईनबाई' म्हणतात.) बाई करारी, उभ्या राहायच्या त्या दाराची चौकट धरून, अगदी ताठ. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "आमच्या घरात दुखणं म्हणून ठाव न्हाय कुणाला. पोरीच्या आईकडं बघिटलं की पोरगी कळती म्हणत्यात."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला तर बाई कंबर कुठंशी असते तेसुद्धा ठाऊक नाही!"

आत्याबाईंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी त्यात लाडू घातला.

सुपारीचा दिवस उजाडला तो रविवार. पाहुणे दुपारी येणार होते. सकाळी कंबर जरा आखडली होती. दिवसभर वाकायचं, वाढायचं, पाया पडायचं, म्हणून मी एक शहाणपणाचा विचार केला. आज जरा जास्तच व्यायाम करून घ्यावा, म्हणजे दिवसभर पुरेल! नवी साडी नेसले, गजरा माळला आणि देवघराच्या खोलीत चटई अंथरली.

"आई, साडीवर?" मुक्ता दारात उभी.

"बायका साडी नेसून घोड्यावर बसल्या गं! मला साधं मांजर होता येणार नाही?"

पूल उरकला. गुडघे उरकले. मांजर तर असं भराभर केलं की खरं मांजर बघून पळालं असतं. मग उजवा हात पुढं, डावा पाय मागं… आणि तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ईटची माणसं ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी दारात! मी दचकून मान वळवली आणि कंबरेत अशी चमक निघाली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. हात-पाय कसेबसे खाली आले, पण पाठ काही सरळ होईना. मी चार पायांवर, डोक्यात गजरा, तोंड देवाकडं.

हे धावत आले. "अगं, पाहुणे आले! ऊठ!"

"उठता येत असतं तर उठले नसते का!"

"मग मी काय सांगू त्यांना?"

"सांगा, देवापुढं आहे." (यात खोटं काहीच नव्हतं.)

बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. हे म्हणाले, "ती जरा देवापुढं आहे." व्याही म्हणाले, "वा! लई भाविक हायत." पाणी झालं. चहा झाला. सुशीला झाला, म्हणजे आमच्याकडचे फोडणीचे चुरमुरे. मग विहीणबाईंचा आवाज आला, "लई येळ चाललीया की पूजा?"

"हो, म्हणजे… साष्टांग नमस्कार घालतीय."

"आजून?"

"साष्टांगापर्यंत पोचायचीय अजून," हे म्हणाले.

मुक्तानं आत येऊन डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाली, घाबरू नका, हळूच एका कुशीवर व्हा, श्वास सोडत राहा. पण कूस वळायला गेले की मी किंचाळणार, आणि किंचाळले की विहीणबाई आत येणार! मी नुसती मान हलवली. तेवढीच हलत होती.

मुक्ता माझ्यासमोर खाली बसली. तिचे डोळे भरून आले होते. "आई, या वेळेलाही…" एवढंच म्हणाली आणि डोळे पुसून ट्रे घेऊन बाहेर गेली. खरं सांगते, त्या एका वाक्यानं जे दुखलं ना, त्यापुढं कंबर काहीच नव्हती.

मग आत्याबाई आत आल्या. माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि निदान केलं.

"उसण भरलीया. ह्याला डाक्तर काय करतोय कपाळ! पायाळू माणसाची लाथ पाहिजे."

पायाळू म्हणजे जो जन्मताना डोक्यानं न येता पायानं आला तो. त्याचा पाय कंबरेला लागला की उसण पळते, असं आमच्याकडं सगळे मानतात. (मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळं मी फक्त दुखत असतानाच मानते.)

"आत्या, आत्ता पायाळू कुठून आणायचा?"

"आणायचा कशाला? भाईर सोफ्यावर बसलाय की! नवरदेव!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मुक्तीनं! पोरगा बघून गेला त्या दिशी म्या इचारलं, कसा वाटला गं? तर लाजली आन् म्हणली, पायाळू हाय."

आता कुठली मुलगी पहिल्या भेटीत मुलाला 'तुम्ही डोक्यानं आलात की पायानं' असं विचारते, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण उसण भरलेल्या माणसाचं डोकं चालत नाही. आणि आत्याबाई निघाल्यासुद्धा!

"आत्या, नको! जावई आहे तो! आत्या!" मी कुजबुजत ओरडत होते. आत्याबाईंना ओरडून ऐकू येत नाही, तिथं कुजबुजून काय येणार! बाहेरून त्यांचा आवाज आला, "जावईबापू, आत या जरा, देवाच्या पाया पडून घ्या."

अभिजित आत आला. पोरगा सोलापुरात बँकेत नोकरीला, पाचवीपासून वसतिगृहात वाढलेला, लाजाळू. मला त्या अवस्थेत बघून तो दारातच थबकला.

"या, बसा," मी खालून म्हटलं.

आत्याबाईंनी दार लोटलं. "बाळा, तू पायाळू हायस न्हवं?"

पोरगं कानाच्या पाळीपर्यंत लाल झालं. "आजी, आता आपल्याच तोंडानं कसं सांगायचं… पण हो, सगळे म्हणतात तसं."

"मग घाल लाथ."

"आँ?"

"हिच्या कंबरंत. डाव्या पायानं."

"कुणाच्या?"

"सासूच्या! दुसरं कोण हाय हितं?"

त्यानं एकदा खिडकीकडं बघितलं. खिडकीला गज होते. मग माझ्याकडं बघून रडवेल्या आवाजात म्हणाला, "काकू?"

"मारा," मी जमेल तेवढ्या मानानं म्हटलं. "संकोच करू नका. आपलंच घर समजा."

पोरगा संस्कारी खरा! आधी डाव्या पायातला मोजा काढला. मग वाकून माझ्या पाया पडला. (माझे पाय मागच्या बाजूला होते, त्यामुळं त्याला वळसा घालून जावं लागलं.) मग डोळे मिटले आणि पायाचा अंगठा माझ्या कंबरेला असा लावला, जसा आपण तवा तापलाय का ते बघतो.

"ही लाथ हाय व्हय?" आत्याबाई खवळल्या. "हिनं माशी तरी उठंल का? उचल पाय! वर! अजून वर! हाण! भिऊ नगंस, हाण म्हणतेय न्हवं!"

त्यानं पाय उचलला. आणि नेमक्या त्याच वेळी हळदी-कुंकवाचं ताट घेऊन, 'मी पण देवाच्या पाया पडून घेते' असं म्हणत विहीणबाईंनी दार उघडलं.

"अभ्याऽऽ!"

तो दचकला. तोल गेला. आणि इतका वेळ हवेत असलेला तो पाय सगळ्या वजनासकट माझ्या कंबरेत बसला! आतून कडाड असा आवाज आला, आणि पुढं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही, पण पुढच्या क्षणाला मी विहीणबाईंसमोर ताठ उभी होते आणि म्हणत होते, "या ईनबाई, बसा!"

त्या कुठल्या बसतात! ताट खाली ठेवलं आणि पोराचा कान धरला. "अरं मुडद्या! सुपारी बी फुटली न्हाय आजून, आन् तू सासूला लाथा घालायलास?"

"आई, त्यांनीच सांगितलं…"

"सांगितलं म्हणून घालायची? उंद्या सासू म्हणली हिरीत उडी मार, तर मारशील?"

आणि मग जे झालं ते मी स्वप्नातसुद्धा बघितलं नव्हतं. बाईंनी माझ्यापुढं पदर पसरला! डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "ईनबाई, पाया पडते, पर सोयरीक मोडू नगा वो. पोरगं तसं न्हाय. कवा कुणाला अरं म्हणून बोललं न्हाय. मुक्ताला बघून आल्यापासनं तर लई खूश हाय. आज त्याला काय झालं, मलाच कळंना."

मी गार पडले. सोयरीक मोडेल म्हणून सकाळपासून मी चार पायांवर जीव मुठीत धरून बसले होते, आणि हातापाया कोण पडतंय, तर मुलाची आई! आता मोठ्या मनानं माफ करून टाकावं आणि विषय संपवावा, असं ठरवून मी घसा खाकरला. गडबड ऐकून हे, व्याही आणि मुक्ताही दारात जमा झाले होते. एवढा सगळा प्रेक्षक बघून आत्याबाईंना राहवलं नाही.

"त्याला कशाला बोलताव? म्याच बोलिवलं त्याला! कंबर गेलीया हिची, कवाधरनं! डाक्तरकडं जाती, इथं गुडघ्यावर मांजरावानी करती. आज उसण भरली, म्हणून म्हणलं पायाळू जावई हाय तर घालू दे एक लाथ!"

संपलं! मी डोळे मिटून घेतले.

"पायाळू?" विहीणबाई म्हणाल्या. "कोण? ह्यो? अवो, डोस्क्यानंच आला की! म्या हजर होते तिथं!"

सगळ्यांनी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाईंनी मुक्ताकडं बघितलं. "तूच म्हणलीस न्हवं गं, पायाळू हाय म्हणून?"

मुक्ताचा चेहरा जास्वंदीसारखा झाला. "आजी! मायाळू! मी 'मायाळू' म्हणाले होते!"

अभिजितनं मान वर करून पहिल्यांदाच मुक्ताकडं सरळ बघितलं. एका हातात मोजा होता, तो तसाच राहिला. "मला वाटलं, आजी तेच विचारतायत," तो हळूच म्हणाला. मुक्ता हसली, तोही हसला, आणि त्या दोघांना सासू, लाथ, सुपारी कशाचंच भान राहिलं नाही. मला बरं वाटलं. दुखत होतं, पण बरं वाटलं.

विहीणबाईंनी मात्र पुरुषमाणसांना आणि त्या दोघांना बाहेर काढून दार लावून घेतलं. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "म्हंजे तुमची कंबर दुखती म्हणा की."

"दुखते," मी म्हटलं. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "पोरीचं जमावं म्हणून खोटं बोलले, ईनबाई. तिला पहिल्यांदाच कुणी पसंत पडलंय. माझ्या कंबरेपायी तिचं मोडू नका."

त्यांनी कंबरेवरचा पदर बाजूला केला. मला वाटलं, आता सोन्याचा कंबरपट्टा दाखवून मला माझी पायरी दाखवणार! तर चर्रर्र असा आवाज आला आणि त्यांच्या हातात आला डॉक्टरकडचा जाडजूड पट्टा, चिकटवायचा, पाठीत पट्ट्या घातलेला.

"तुमी म्हणला न्हवं, कंबर कुठं असती ठाव न्हाय म्हणून? तवा म्या ह्यो आवळून चौकटीला धरून हुबी होते. घरी जाऊन ह्यास्नी म्हणलं, ही ईन लई दणकट हाय, हिच्यापुढं आपला निभाव लागायचा न्हाय." आणि चटईकडं बोट करून म्हणाल्या, "त्ये मांजराचं कसं करायचं, दावा बरं."

मी आयुष्यात पहिल्यांदा व्यायाम हळू केला, कारण शिकवायचा होता. बाहेर मुहूर्ताची वेळ होत आलेली, ताटात सुपारी वाट बघत होती, आणि आतून आवाज येत होते, "पोट आत घ्या! श्वास सोडा! आता पाठ वर!"

"ही कसली पूजा म्हणायची?" व्याह्यांनी विचारलं.

"जोडीनं करायची असते," हे म्हणाले. (त्या दिवसभरात ह्यांनी वेळेवर केलेलं हे एकमेव काम.)

आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बाहेर आलो आणि सुपारी फुटली. ती फुटल्याचा आवाज ऐकून मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, "कंबर दुखती तिची."

लग्न झोकात झालं. फक्त पाय धुवायच्या वेळी मी तांब्या-ताम्हण घेऊन बसले आणि जावयानं पाय मागंच ओढून घेतला. सगळा मांडव कुजबुजला, जावई रुसला, अंगठी मागतोय! तो बिचारा खालच्या आवाजात एवढंच म्हणत होता, "आई, या पायाला हात नका लावू हो, मला कसंतरी होतं."

डॉक्टरला सगळी हकीकत सांगितली तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, काकू, पुन्हा कुणाची लाथ खाल्लीत तर माझ्याकडं येऊ नका. नशीब म्हणून वाचलात. आता मी रोज, नियमानं आणि हळू व्यायाम करते. कधी आखडले आणि उठायचा कंटाळा केला, तर ह्यांनी त्यावर एक औषध काढलंय. दारातून नुसतं ओरडायचं, "ईनबाई आल्या!" की मी ताडकन उभी!

पण औषध रोज घेतलं की लागू पडेनासं होतं. परवा मी अशीच चटईवर चार पायांवर होते आणि हे ओरडले, "अगं, ईनबाई आल्या!"

"येऊ द्या की!" मी मान न वळवता म्हटलं. "ती कसली येतीय! पट्टा आवळून बसली असंल घरी. आणि आली तरी मी काय भिते का? माझ्यासारखं मांजर तिला सात जन्मात जमायचं न्हाय!"

मागून पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग चर्रर्र करून पट्टा सुटल्याचा.

"सरका तिकडं," विहीणबाई म्हणाल्या. "मांजर म्हणं! मघाधरनं दारातनं बघायलेय, तुमची निस्ती शेळी व्हायलीया."